कठीण कोरल तपकिरी पडलेत, दिवा वाढवू का? (सांगली)

मोरपंखी (विश्रामबाग):

नमस्कार मंडळी. घरी साडेतीन फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी) आहे, खालचा संप, म्हणजे गाळणीची जोडटाकी, धरून पाणी साधारण ३०० लिटर. मऊ कोरल बरीच वर्षं आहेत, ती मजेत आहेत. कठीण कोरल गेल्या दिवाळीनंतर आले: दोन मॉन्टिपोरा (एक केशरी थाळी, एक हिरवा), एक गुलाबी पोसिलोपोरा, हिरव्या टोकांचा हॅमर आणि एक निळा अ‍ॅक्रोपोरा.

अडचण अशी, की केशरी मॉन्टिपोरा आता चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचा झालाय. पोसिलोपोराही तपकिरीच. हॅमर फुलतो व्यवस्थित, पण टोकांची हिरवी झाक गेली. एकट्या अ‍ॅक्रोपोराने लाज राखलीये. तो सगळ्यात वर, थेट दिव्याखाली आहे आणि उलट आणखी छान, फिकट आकाशी दिसायला लागलाय. त्यावरून मला वाटतं, बाकीच्यांना प्रकाश कमी पडतोय.

रविवारची मापं: खारटपणा ३५, तापमान सकाळी २६ आणि दुपारी २८.५, डीकेएच (पाण्याची आम्ल जिरवण्याची ताकद) ८.६, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट ३०, फॉस्फेट ०.२५. दिवा निळा ७० टक्के, पांढरा ३० टक्के.

दुकानदार म्हणतो, दिवा पूर्ण वाढवा, अर्धं पाणी बदला, फॉस्फेट ओढणारे लोहाचे दाणे भरपूर टाका आणि वर एक रंगाची बाटली घ्या. येत्या शनिवारी हे सगळं एकदमच उरकायचा विचार आहे. कुणी केलंय का असं?

उगाच_एक (सांगलीवाडी):

फोटो दिसत नाहीत. बाकी सांगलीत समुद्र म्हणजे नाद खुळा.

मोरपंखी:

फोटो परत टाकलेत. आता बघा.

चुनखडी (मिरज):

दिसले. शनिवारचा बेत आधी रद्द करा, मग बोलू.

तपकिरी रंग कोरलचा स्वतःचा नसतो. कोरलच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि कोरलचं बहुतेक पोट त्यावर चालतं. शैवाल मुळात सोनेरी-तपकिरी. पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर आणि प्रकाश बेताचा असला, की त्याची संख्या वाढत जाते आणि कोरलची स्वतःची केशरी, गुलाबी रंगद्रव्यं त्याखाली झाकली जातात. म्हणजे तुमचा मॉन्टिपोरा खाऊनपिऊन सुखी आहे. पाहुण्यांना दाखवण्याजोगा राहिला नाही एवढंच.

मला घोर लागलाय तो तुमच्या लाडक्या अ‍ॅक्रोपोराचा. त्याचा तिसरा फोटो मोठा करून बघा. फांद्यांचे पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) दिवसा आत ओढलेले आहेत, आणि बुडाशी, जिथे तो खडकाला चिकटवलाय, तिथे नखाएवढी पांढरी कड आहे. तिथे मांस सुटून खालचा सांगाडा उघडा पडलाय. फिकट आकाशी म्हणताय तो रंग शैवाल कमी झाल्यामुळे दिसतोय. जास्त प्रकाश आणि वर दुपारचे २८.५ अंश, हे दोन्ही एकाच वेळी अंगावर आले की कोरल शैवाल बाहेर टाकतो. समुद्रात याच गोष्टीला ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला झालं ते हेच, तिथे फक्त दिव्याऐवजी सूर्य होता.

दिवा पूर्ण वाढवलात तर तपकिरी कोरल कदाचित तगतील, निळा नक्की जाईल. पण औषध सांगण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. पाणी कुठलं वापरता? डीकेएचसाठी काय टाकता, कधी टाकता? आणि ते ८.६ माप टाकण्याआधीचं की नंतरचं?

सदाशिवगड (कराड):

चुनखडी काकांना +१. मी फक्त मोठ्या पॉलिपवाले ठेवतो, युफायलिया, फेव्हिया, डंकन वगैरे. कराडच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रोपोराच्या वाटेला जायची हिंमत नाही.

प्रकाशाबद्दल एक. टक्क्यांवरून काही कळत नाही. तुमचे ७० टक्के आणि माझे ७० टक्के वेगळे, दिवा वेगळा, पाण्याची उंची वेगळी. पार मीटरने (कोरलच्या शैवालाला उपयोगी प्रकाश मोजणारं यंत्र) बघा. हॅमरला ८० ते १५० पार पुष्कळ झाला, मॉन्टिपोराला २०० च्या आसपास, अ‍ॅक्रोपोराला २५० ते ३५०. विकत घ्यायला मीटर महाग आहे, कुणाकडून दोन दिवसांसाठी आणा. मोजताना मधल्या भागात आणि कोपऱ्यात दोन्हीकडे मोजा, एका दिव्याच्या टँकमध्ये फरक डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा खूप जास्त निघतो.

आणि हॅमरच्या शेजारी वीतभर तरी जागा मोकळी ठेवा. रात्री त्याचे लांब दंशाचे तंतू बाहेर येतात. फोटोत हिरवा मॉन्टिपोरा फारच खेटून बसलाय.

मोरपंखी:

बापरे. पांढरी कड मला सावली वाटत होती.

पाणी सोसायटीच्या बोअरचं, स्वयंपाकघरातल्या आरओमधून घेते. टीडीएस ४८ येतो, प्यायला उत्तम आहे. डीकेएचसाठी खाण्याचा सोडा, एकाआड एक दिवस सकाळी दोन चमचे विरघळवून संपमध्ये. माप रविवारी दुपारी घेते, म्हणजे बहुतेक वेळा सोडा टाकल्यानंतर.

रात्रपाळी (मिरज, लॅबवाली):

तुमच्या ८.६ वर मी एकटीने विश्वास ठेवणार नाही. दिवसातल्या एका वेळचं माप म्हणजे पेशंटचा एकदाच घेतलेला बीपी. असं करा: सोडा टाकायच्या अगदी आधी एकदा, टाकून चार तासांनी एकदा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. सिरिंज तीच, बाटली तीच, माणूसही तोच. रंग बदलण्याचा नेमका थेंब ओळखणं सवयीवर असतं. तुम्ही आज केलं आणि मिस्टरांनी उद्या केलं तर अर्ध्या डीकेएचचा फरक नुसत्या नजरेतच येईल. सिरिंजमध्ये टोकाशी हवेचा बुडबुडा राहतो तो चालतो, पण पिस्टनच्या काळ्या रबराची कुठली कड वाचायची ते एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

दुसरं, टीडीएस ४८ कशाचा? मीटर फक्त वीजवाहकता बघून आकडा देतो, त्यात मीठ आहे की नायट्रेट ते सांगत नाही. घरगुती आरओत बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. म्हणजे बोअरचं पाणी थेट तुमच्या टँकमध्ये. तुमचं नायट्रेटचं किट आहेच, नुसतं आरओचं पाणी तपासून बघा. किट गोड्या पाण्यावर चालतं का ते पत्रकात बघा, काहींना वेगळा तक्ता असतो.

बेदाणा (तासगाव):

ताई, मी कोरलवाला नव्हे, द्राक्षवाला. पण पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. बागेला पाणी द्यायच्या आधी आम्ही ईसी, पीएच, बायकार्बोनेट सगळं तपासतो. आपल्या भागात ऊस आणि त्याला पडणारा युरिया बघता बोअरच्या पाण्यात नायट्रेट नसलं तरच नवल. आणि मेम्ब्रेन बाकीच्या क्षारांइतकं नायट्रेट अडवत नाही, हे आमच्याकडं पाणी तपासणाऱ्यानं सांगितलेलं.

एक शंका. हा डीकेएच म्हणजे आमचं बायकार्बोनेटच का? आम्ही ॲसिड सोडून बायकार्बोनेट मारतो, नाहीतर ड्रिपर चोक होतात. आणि तुम्ही सोडा टाकून तेच वाढवताय!

चुनखडी:

बेदाणा, बरोब्बर तेच. १ डीकेएच म्हणजे तुमच्या भाषेत लिटरला सुमारे २१.८ मिलिग्रॅम बायकार्बोनेट. तुमच्या ड्रिपरमध्ये बसतो तो चुना, कोरल तोच चुना मुद्दाम बसवून घेतो, हाडं करायला. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट. ठरलेल्या प्रमाणात दोन्ही लागतात: २.८ डीकेएच खर्ची पडला की त्याबरोबर जवळपास २० पीपीएम कॅल्शियम जातं. त्यातला कॅल्शियमचा साठा ४२० चा, म्हणून तो लगेच हलल्यासारखा वाटत नाही. डीकेएच मात्र ८ च्या आसपास, तो दोन दिवसांत हलतो. म्हणून कठीण कोरलवाले सकाळी उठून आधी डीकेएच बघतात.

तुमच्याकडे १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेटचं खत) पडून असेल ना? कुणी इथे वाचून नायट्रेट वाढवायला ते टाकायला जाईल, म्हणून सांगून ठेवतो: खताच्या दर्जाचं काही टँकमध्ये घालू नका. आणि मोरपंखीताईंकडे टँक बघायला जाणार असाल तर बोर्डोची फवारणी केलेल्या हातांनी काच उघडू नका. बोर्डोतला मोरचूद म्हणजे तांबं. माशांना ते काही प्रमाणात सोसतं, कोरल, गोगलगायी, झिंगे यांना अगदी थोडंही नाही. खडकात मुरलं की काढता काढता नाकी नऊ येतात.

बेदाणा:

बोर्डोच्या हातानं मला घरात जेवायलाबी वाढत नाहीत. निवांत रहा.

मोरपंखी:

केलं सगळं. सोडा टाकायच्या आधी ७.५. चार तासांनी ८.६. दुसऱ्या दिवशी सकाळी ८.१. आरओच्या पाण्यात नायट्रेट १२!! व्हॉल्व्ह होता, अगदी मागे, पांढऱ्या प्लास्टिकचा. तो बंद करून टीडीएस १९ वर आला.

पार मीटर एका ओळखीच्यांनी दिला. अ‍ॅक्रोपोरावर ४३०. केशरी थाळीवर ९५. पोसिलोपोरावर ११०. मला तर वाटत होतं दिवा सगळीकडे सारखाच पडतो.

चुनखडी:

आता चित्र स्पष्ट झालं. लिहितो सविस्तर, वेळ आहे आज.

आधी जागा. दिव्याला हात लावू नका. अ‍ॅक्रोपोरा खाली आणा, ३०० पार मिळेल अशा ठिकाणी. एका उडीत उतरवलात तरी चालेल, प्रकाश कमी होणं कोरलला सोसतं, वाढणं सोसत नाही. पांढऱ्या कडेच्या वर अर्धा सेंटिमीटर जिवंत मांस धरून हाडं कापायच्या कात्रीने निरोगी फांद्या वेगळ्या करा आणि वेगळ्या प्लगवर (कोरल बसवायची छोटी बैठक) चिकटवा. मूळ कॉलनी गेली तरी वाण राहील. तपकिरी थाळी उलट थोडी वर न्या, पण टप्प्याटप्प्याने. आधी १३०, मग पंधरवड्याने १७० च्या जागी. दिव्याचे टक्के वाढवून सगळ्यांना एकाच दिवशी शिक्षा करू नका.

मग पाणी. डीआय रेझिनचा (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे) एक छोटा डबा आरओनंतर लावा, टीडीएस शून्य यायला हवा. १९ चा २ झाला तर थांबू नका, शून्य. पाणी दर आठवड्याला १० टक्के बदला, त्यात घाई नको. बाहेरून येणारं नायट्रेट बंद झालं की आतलं आपोआप उतरायला लागेल. नेम ५ ते १० नायट्रेट आणि ०.०५ ते ०.१ फॉस्फेटचा धरा. लोहाचे दाणे टाकायचेच तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेने सुरू करा. खडकांनी फॉस्फेट पिऊन ठेवलेलं असतं, तुम्ही पाण्यातलं काढलंत की ते सोडत राहतील. त्यामुळे आठवडाभर आकडा हलला नाही तरी मात्रा वाढवू नका.

इथे बरेच लोक हट्टाने दोन्ही शून्यावर आणतात, चित्रातले रंग हवे म्हणून. शून्य पोषणात कोरल फिके पडतात आणि वर डायनोफ्लॅजेलेट्स येतात: वाळूवर तपकिरी चिकट थर, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, सकाळी गेले दुपारी परत हजर. नायट्रेट ३० बरा म्हणायची पाळी येते. शिवाय पोषण अगदी कमी आणि डीकेएच १० च्या पुढे, ही जोडी अ‍ॅक्रोपोराची टोकं जाळते. तुमच्यासाठी ७.५ ते ८.५ मधला कुठलाही एक आकडा चालेल. कुठला, ते महत्त्वाचं नाही. तो रोज तोच असला पाहिजे.

तुमचा टँक दिवसाला जवळपास अर्धा डीकेएच खातोय. ३०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ९ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे रोजचे साडेचार-पाच ग्रॅम. दोन चमचे एकदम टाकण्याऐवजी एकच सपाट चमचा, रोज. डोसिंग पंप असेल तर तोच दिवसातून आठ-दहा वेळा थोडा थोडा.

रंगाच्या बाटलीचे पैसे डीआय रेझिनला लावा.

मोरपंखी:

लिहून घेतलं. डोसिंग पंप नाही. चुन्याची निवळी टाकतात म्हणे, त्याने सोडा आणि कॅल्शियम दोन्हीचं काम होतं?

चुनखडी:

माझं टोपणनाव बघून विचारलंत का?

होतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळवून वरचं नितळ पाणी घ्यायचं, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी थेंबथेंब सोडायचं. कॅल्शियम आणि डीकेएच दोन्ही कोरलला लागतात त्याच प्रमाणात येतात. पण पानाला लावायचा चुना नको, त्यात आणखी काय काय असतं कुणास ठाऊक. रसायनांच्या दुकानात शुद्ध पूड मिळते. लिटरला दीड ग्रॅमच्या वर फारसं विरघळत नाही, उरलेलं तळाशी बसतं, ते ढवळून टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही. झाकण घट्ट, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून वर पापुद्रा येतो आणि ताकद जाते. पीएच १२.४ आहे, डोळ्याला चष्मा लावा आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका. थेंब रात्री सोडा. रात्री टँकचा पीएच उतरतो, चुना तो धरून ठेवतो.

आता सांगलीपुरतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तुमच्या टँकमधून पाणी भराभर उडेल, वर पंखा लावलात तर आणखी. उडालेल्या सगळ्या पाण्याच्या जागी निवळी सोडलीत तर चुना दुप्पट जाईल, कोरलची भूक मात्र तेवढीच. डीकेएच चढत जाईल. आणि जून लागला, हवा ओली झाली, की पाणी उडायचं थांबतं, निवळी कमी जाते, डीकेएच घसरतो. म्हणून निवळीचं रोजचं माप बांधून घ्या, समजा दीड लिटर, आणि बाकीचं उडालेलं साध्या शून्य टीडीएसच्या पाण्याने भरा. दोन वेगळे डबे. वर्षाचे बाराही महिने एकच डबा वापरणाऱ्यांचे टँक पावसाळ्याच्या तोंडावर का बिघडतात, त्याचं उत्तर हे आहे.

सदाशिवगड:

हे दोन डब्यांचं मला ठाऊक नव्हतं, आजपासून चालू.

पंख्याबद्दल माझाही अनुभव तोच. एप्रिलमध्ये संपवर दोन छोटे पंखे लावले की तापमान दोन-तीन अंश खाली येतं, चिलर लागत नाही. एक लिटर पाणी उडताना एवढी उष्णता नेतं की ३०० लिटरचा टँक जवळपास २ अंशांनी उतरावा. पण जुलैत तेच पंखे नुसती हवा ढवळतात. चिलर घ्यायचाच तर त्याचं तोंड खोलीबाहेर काढा, नाहीतर तो टँकमधली उष्णता खोलीत सोडतो आणि खोली परत टँक तापवते. बिल तेवढं येतं.

आणि खोली एसीसाठी बंद ठेवत असाल तर पीएच बघा. चार माणसं बंद खोलीत बसली की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच ७.८ च्या खाली जातो. सकाळी खिडक्या उघडल्या तरी फरक पडतो.

उगाच_एक:

विषय हार्ड आहे हा. एक खरा प्रश्न विचारू का? आम्ही सांगलीवाडीत राहतो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. गच्चीवर दिवस काढले, लाइट कुठली? २०२१ ला पुन्हा. असल्या गावात विजेवर जगणारा प्राणी ठेवायचा तरी कसा?

चुनखडी:

पहिल्यांदाच कामाचं बोललास.

लाइट गेली की लोक आधी दिव्याची काळजी करतात. दिवा चार दिवस नसला तरी कोरल मरत नाही, ढगाळ आठवडे समुद्रातही येतात. आधी प्राणवायू संपतो. कोमट खाऱ्या पाण्यात मुळातच कमी मावतो, २५ अंशांना लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी हलायचं थांबलं की मासे, खडकातले जिवाणू, कोरल सगळेच तेवढ्यावर तुटून पडतात. रात्र असेल तर काही तासांतच मासे वर येऊन तोंड मिटत-उघडत बसतात. म्हणून पाणी हललं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

सोपा मार्ग: डीसी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप), १५-२० वॅटचा, थेट बॅटरीवर. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी निम्मी वापरलीत तरी ८०० ते ९०० वॅटतास हाताशी असतात. २० वॅटला दीड-दोन दिवस जातात. त्या बॅटरीवर टीव्ही, पंखे, मिक्सर काही नको. वेव्हमेकर पृष्ठभागाजवळ, तोंड थोडं वर, पाण्याला वरून लाटा यायला हव्यात. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दिवा, हीटर बंद. खाणं पूर्ण बंद. त्याच्याही पुढे दिवस गेले तर बॅटरीवरचा हवापंप, आणि तो नसेल तर मगने पाणी उंचावरून ओतत राहायचं, दर अर्ध्या तासाने, आळीपाळीने.

पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर तळमजल्यावर टँक नको. वरच्या मजल्यावर ठेवाल तर वजनाचा विचार आधी करा. ३०० लिटर पाणी, खडक, काच, स्टँड मिळून साडेचारशे किलोंच्या घरात जातं. भिंतीलगत, तुळईवर. आणि मिठाची एक जादा बादली आणि शून्य टीडीएसचं पन्नास लिटर पाणी जूनपासून भरून ठेवायचं. पुरात आधी नळ बंद होतो.

उगाच_एक:

मान्य. मी बघत राहतो, पाळत नाही.

काळाकोट (सातारा):

उशिरा आलो, पण हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कठीण कोरल, सगळेच्या सगळे, २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंगतीत. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी ते सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा जागतिक करार) परिशिष्ट २ मध्ये येतात. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात सायटिसचं स्वतंत्र प्रकरण आलं. परदेशातून आलंय म्हणून सगळं माफ, असं समजू नका.

मालवणला स्कूबा करून येताना खिशात घातलेला तुटका तुकडा हा गुन्हा आहे, मेलेला असला तरी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. शोकेसमधला पांढरा 'शंखाचा खडक' पण यातच येतो, घरोघरी आजीने आणलेला असतो तो. ज्यांनी अजून काही घेतलं नाही त्यांनी आधी वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारावं. आयातीचे कागद, बिल, परवाना दाखवत नसेल त्या विक्रेत्याकडून काडीसुद्धा घेऊ नका. 'सगळे घेतात' हे उत्तर कोर्टात चालत नाही. हौसच करायची तर झोअँथिड, मशरूम, लेदर कोरल बघा. ते कठीण कोरलच्या गटात मोडत नाहीत आणि सांगलीच्या उन्हात जास्त तग धरतात.

मोरपंखी:

कागद आहेत, आयातीचे आणि बिलाचेही, आणि वन कार्यालयात दाखवूनही आले. तिथल्या साहेबांनी आधी मासे पाहायला मागितले. तुम्ही म्हणता ते खरंय, माझ्या दुकानदाराने विचारल्याशिवाय एक कागद दिला नव्हता.

सदाशिवगड:

काळाकोट, हे धाग्याच्या वरच्या टोकाला हवं. संपादक मंडळ वाचत असेल तर बघा.

मोरपंखी:

धागा वर काढतेय. ताजी खबर.

अ‍ॅक्रोपोराची मूळ कॉलनी गेली. कापून ठेवलेल्या चार फांद्यांतली एक बुडाकडून पांढरी होत गेली, तिला काढून टाकलं. उरलेल्या तीन जिवंत आहेत. रंग आता पहिल्यापेक्षा गडद, जवळजवळ तपकिरी-निळा. मला आधी वाईट वाटलं, मग काकांचं पहिलं उत्तर पुन्हा वाचलं. रात्री टॉर्च लावून बघितलं तर पॉलिप पूर्ण बाहेर.

केशरी थाळीच्या कडेला सगळीकडून बोटाच्या पेराएवढी नवी वाढ आलीये आणि ती केशरी आहे! मधला भाग अजून तसाच. पोसिलोपोरा तसूभर बदलला नाही. नायट्रेट १४, फॉस्फेट ०.१४. डीकेएच सकाळ-संध्याकाळ ७.९ आणि ८.१. हॅमरची टोकं हिरवट दिसतात असं घरातले म्हणतात, मला खात्री नाही.

आता फॉस्फेटचे दाणे वाढवू का?

चुनखडी:

नको. वाढ कडेने येते आणि नवा रंग तिथेच आधी दिसतो, मधला भाग मागाहून येईल. पोसिलोपोरा सावकाश आहे, तो अजून खडकातून सुटणारं फॉस्फेट चाखतोय. दाणे आहेत तेवढेच, पाणी आठवड्याला १० टक्के, बाकी कशाला हात नाही.

तीन फांद्यांतली एक माझ्याकडे ठेवायला द्या, कागदाच्या झेरॉक्ससकट, काळाकोट वाचतायत. तुमचा टँक काही कारणाने बसला तर वाण माझ्याकडे राहील, माझा बसला तर तुमच्याकडे. आणताना बरणीत पाणी काठोकाठ भरा, हवा ठेवू नका, फांदी प्लगसकट झाकणाला उलटी चिकटवा म्हणजे भिंतीला घासणार नाही. विश्रामबाग ते मिरज अर्ध्या तासाच्या आत आहे, पण मेमधली दुपार नको. सकाळी सातच्या आत या.

बेदाणा:

मीबी येतो बघायला. हात धुऊन.